गायन मार्गदर्शन: मिसाओ

किनुएनं आयुष्यात आईला न विचारता एकच मोठी गोष्ट केली आणि नेमकी तीच अंगाशी आली. तशी ती बाई धाडसाची नव्हे. सदुसष्ट वर्षांची झाली, नातवंडं शाळेत गेली, तरी आईला भेटायला जाताना तोंडाची पावडर पुसून जायची. आईला दिसत नव्हतं, पण नाक तिखट होतं.

आई, म्हणजे सावा, ब्याण्णव वर्षांची. चौथ्या वर्षी गोवरात तिचे डोळे गेले. त्या काळी आमच्या ताकादा गावात अशा मुलींपुढे दोनच रस्ते असायचे. एक तर लोकांचं अंग रगडायला शिकायचं, नाहीतर गोझेंच्या घरात जायचं. गोझे म्हणजे शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवत गावोगाव कथा गात फिरणाऱ्या आंधळ्या बायका. सावाला तिच्या बापानं सहाव्या वर्षी त्यांच्या घरी नेऊन सोडलं. घराच्या मालकीणबाई म्हणजेच गुरू, त्यांना सगळ्या मुली आईच म्हणायच्या. दहा वर्षं शिकल्यावर मुलीला नवं नाव मिळायचं, आणि तो सोहळा थेट लग्नासारखा. नवरीचा किमोनो, केसांत फुलं, साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, तीन प्याले. नवरा तेवढा नसायचा, बाकी सगळं यथासांग. सावाला त्या दिवशी नाव मिळालं मिसाओ.

नियम एकच, पण जिवावरचा. पुरुष नको. जिला दिवस गेले ती घराबाहेर, आणि मागे राहिलेल्यांनी तिच्याशी जन्मात बोलायचं नाही. पंचविसाव्या वर्षी आरागिरणीतल्या एका माणसापासून सावाला दिवस गेले. तीच ही किनुए.

म्हणजे बघा, जगात यायच्या आधीच या पोरीनं आईचं घर, गाणं, नाव, सगळं घालवलं होतं. आई असं कधी बोलली नाही हं. हे किनुएचं किनुएच म्हणायची, मनातल्या मनात, पन्नास-साठ वर्षं. स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकदा धीर करून विचारलं होतं, की तुझं ते नाव, त्याचं काय झालं. आई तांदूळ धूत होती. "निघताना देऊन आले," म्हणाली आणि पाणी ओतून टाकलं. किनुएनं त्याचा अर्थ लावला तो असा, की त्यांनी काढून घेतलं आणि हिनं निमूट परत केलं. तो अर्थ तिनं जो धरला तो सोडलाच नाही.

घराबाहेर पडल्यावर सावानं अंग रगडायचं काम धरलं. आरागिरणीतल्या त्या माणसाशी तिनं लग्न केलं होतं, तो किनुए अकरा वर्षांची असताना गेला. शामिसेन कपाटात होतं, पण चारचौघांत ती पुन्हा कधी गायली नाही, आणि लेकीलाही शिकवलं नाही. किनुएनं त्या वाद्याला हात लावला की म्हणायची, "तुझे डोळे चांगले आहेत ना? मग शाळेत जा." मात्र संध्याकाळी कामाहून आली, दार लावून घेतलं, की आत हळू आवाजात गायची. दाराच्या अलीकडे किनुए गृहपाठाची वही मांडीवर घेऊन बसलेली असायची. तिचं गणित कच्चं का राहिलं ते तिच्या मास्तरांना कधी कळलं नाही.

आता ती टीव्हीची गोष्ट. दर रविवारी संध्याकाळी आठला सरदार-दरकदारांची वर्षभर चालणारी मालिका लागते, ती अख्खा देश बघतो. त्या वर्षी तिचा नायक आमच्या एचिगो प्रांतातला एक सरदार होता. झालं, गावाला नुसता ऊत आला. स्टेशनवर झेंडे, मिठाईवर त्याचं चिन्ह, न्हाव्याच्या दुकानातसुद्धा त्याचं चित्र. जिवंत असता तर या लोकांनी त्याचा सारा बुडवला असता. मालिकेच्या दोन भागांत तीन गोझे किल्ल्याखाली येऊन गातात असा प्रसंग होता. लढाईत सरदाराच्या बायकोची बहीण मारली गेलेली असते. तोंडानं सांगायची कुणाची छाती होत नाही, म्हणून या आंधळ्या बायका दोन बहिणींच्या ताटातुटीची कथा गातात आणि ती ऐकता ऐकता बाईला उमगतं. त्यासाठी टीव्हीवाल्यांना खरं जुनं गाणं हवं होतं. किनुए लग्नानंतर बाहेर वाजवायला शिकली होती आणि म्हातारपणी हौसेनं समाजमंदिरात शामिसेनचा वर्ग घ्यायची. कुणीतरी तिचं नाव सांगितलं, आणि तिनं आईला कळू न देता होकार दिला.

या लोकांची कामाची रीत अशी, की शिकवणाऱ्यानं सगळं आपल्या आवाजात भरून पाठवायचं. एकदा सावकाश, एकदा चालीत, एकदा नुसते श्वास मोजून. नटी ते कानात घालून दिवसभर ऐकते. किनुएनं स्वयंपाकघरात बसून भरलं. फ्रिजची घरघर येते म्हणून तो बंद केला आणि चालू करायला विसरली. नवऱ्यानं आणलेला मासा वाया गेला आणि घरात दोन दिवस अबोला झाला.

त्या गाण्यात एक जागा आहे. धाकटी बहीण नावेत बसते, थोरली काठावर राहते, नावाडी वल्हं उचलतो. तिथं सगळ्या गोझे आवाज वर नेतात, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं म्हणून. सावा तिथं आवाज खाली टाकायची. अंधारात एक पायरी जास्त समजून पाय टाकावा तसा. आणि मग पुढची ओळ जराशी उशिरा उचलायची. हे वळण तिचं स्वतःचं होतं. किनुएनं ते दाराआडून उचललेलं, आणि चिसातो नावाच्या त्या सव्वीस वर्षांच्या नटीला ते जमायला अकरा दिवस लागले. दिग्दर्शकानं नऊ मिनिटांचं गाणं कापून सव्वा मिनिटावर आणलं. त्यात ही जागाच उडणार होती. कधी कुणाला उलटून न बोललेली किनुए तोक्योच्या स्टुडिओत तीस माणसांसमोर म्हणाली, "हे ठेवणार नसाल तर माझं सगळंच काढा." ठेवलं मग त्यांनी.

ओगिवारा म्हणून साहाय्यक दिग्दर्शक होता, गुणी मुलगा. शेवटच्या दिवशी त्यानं गुरूला हाक मारतात तशी मारून विचारलं, "सेन्सेई, नामावलीत तुमचं नाव कसं लिहायचं?" किनुएचं उत्तर तयार होतं. आगगाडीत चार तास तिनं तेच घोळवलं होतं. मिसाओ लिहा, ती म्हणाली. आडनाव विचारलं तर गोझेंना आडनाव नसतं म्हणाली. त्याला ते फार आवडलं, लगेच लिहून घेतलं.

तिला वाटलं, आईचं जे माझ्यापायी गेलं ते आता सगळ्या जपानच्या देखत तिला परत मिळेल. आई ऐकेल, आणि मग कदाचित, म्हणजे कदाचितच, म्हणेल की तू झालीस ते बरं झालं. सदुसष्टाव्या वर्षी माणसानं अशी आशा करू नये. पण करतं.

तो रविवार आला. वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात सगळे साडेसातलाच येऊन बसले. सावाला तिनं पुढच्या रांगेत बसवलं आणि शेजारी आपण बसली. मागे कोयासु आजोबा होते, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. सुरुवातीच्या संगीतावर नावं सरकू लागली की हे गृहस्थ ती एकेक करून मोठ्यानं वाचायचे. सगळे वैतागायचे, पण चाळीस वर्षं लोकांची नावं वाचलेला माणूस, ती खोड कशी जाणार? किनुएनं त्या दिवशी त्यांना मुद्दाम गोड बोलून चष्मा पुसून दिला होता.

वेशभूषा अमुक, तलवारबाजी तमुक, घोडे फलाणे, असं करत आजोबांनी वाचलं, "गोझे गायन मार्गदर्शन, मिसाओ."

सावाचा हात किनुएच्या मनगटावर आला. घट्ट. किनुएनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर ओठ हलत होते. पोचलं, तिला वाटलं. मग चाळीस मिनिटं म्हातारी हलली नाही. लढाई झाली, कट शिजले, कुणाचं तरी डोकं उडालं, हिचं लक्ष नाही. शेवटी किल्ल्याखाली शामिसेन वाजलं आणि चिसातो गाऊ लागली. नावाड्यानं वल्हं उचललं. आवाज खाली गेला. पुढची ओळ जराशी उशिरा आली.

सावा रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही लागली. आता सांगावं म्हणून किनुएनं तोंड उघडलं, तोच आई म्हणाली, "जिवंत आहे गं ती."

"कोण?"

"मिसाओ. दुसरं कोण शिकवणार हे? मी एकाच पोरीला शिकवलं होतं."

मग त्या रात्री खोलीत, अंथरुणावर बसून, तिनं साठ-पासष्ट वर्षांत न सांगितलेलं सगळं सांगितलं. घरात तोयो नावाची एक धाकटी मुलगी होती. आठव्या वर्षी आली, ती सावाच्याच गळ्यात पडली. तिला जेवू घालणं, बोटं धरून तारांवर बसवणं, रात्री थंडीनं रडली तर कुशीत घेणं, सगळं सावानं केलं. गावोगाव चालताना गोझे एकीमागे एक चालतात, पुढचीच्या पाठीवरच्या गाठोड्यावर मागचीचा हात. तोयोचा हात सहा वर्षं सावाच्या गाठोड्यावर होता. दिवस गेल्याचं उघड झालं तेव्हा सावानं मालकीणबाईंचे पाय धरले. मला ठेवा असं ती म्हणाली नाही. माझं नाव या पोरीला द्या, तिचा सोहळा होईल तेव्हा हेच नाव द्या, एवढं मागितलं. बाई कडक होत्या, पण हो म्हणाल्या.

"निघाले त्या सकाळी ती दारात उभी. ताई, आज चालायचं का, म्हणाली. मी म्हटलं, थांब, मी आलेच." सावानं डोळे पुसले. "चौदा वर्षांची होती. किती वेळ थांबली असेल कुणास ठाऊक."

किनुएला ते ओतून टाकलेलं तांदळाचं पाणी आठवलं. देऊन आले, म्हणजे हे. इतकी वर्षं एक शब्द उराशी धरला, आणि तोही उलटा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सगळ्यांना नंतर असंच वाटतं. पण आईच्या तोंडावर जे होतं ते किनुएनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्या हातानं पुसून टाकायचं तिच्या जिवावर आलं. आई म्हणाली, त्या टीव्हीवाल्यांना विचार, ती कुठं असते. ऐंशीच्या घरात असेल. बोलायची बंदी आता कुणासाठी, सगळ्या मेल्या. मला तिची माफी मागायचीये. किनुए म्हणाली, विचारते. दोन दिवसांनी आईनं पुन्हा विचारलं, तर म्हणाली, निरोप दिलाय. खोटं एकदा बोललं की त्याला पाय फुटतात.

सावा वाट बघू लागली. रोज सकाळी चांगलं जॅकेट घालून दाराकडे तोंड करून बसायची. जेवण सुधारलं, नर्सेस खूश. बांबूच्या पानातले गोड गोळे कुणी आणून दिले तर त्यातले दोन ती बाजूला ठेवायची, तोयोला फार आवडतात म्हणून. ते दगडासारखे कडक होत, नर्स गुपचूप बदलत असे. एके दुपारी किनुए आली तर आतून आईचा आवाज येत होता. ती दाराशीच थांबली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "तोयो, मी सावा," आई म्हणत होती. मग थांबली, घसा साफ केला, आणि पुन्हा जरा वेगळ्या स्वरात, "तोयो, ताई आलीये."

किनुए तशीच मागे फिरली आणि टेकडीखालच्या देवळात गेली. गोझेंच्या नोंदी तिथं असतात. पुजाऱ्याच्या बायकोनं फडक्यात बांधलेली वही काढली, चष्मा शोधला, पानं उलटली. पोरीला अठराव्या वर्षी नाव मिळाल्याची नोंद होती. आणि मग शोवा सदतीस, म्हणजे एकोणीसशे बासष्ट, फेब्रुवारी. मिसाओ, वय वीस, न्यूमोनिया. बर्फातून फेरी करून आल्यावर नवव्या दिवशी. एकसष्ट वर्षं झाली होती. तिला वेगळी समाधीही नव्हती, सगळ्यांच्या सामाईक दगडाखाली ठेवलेली. किनुएनं उदबत्ती लावली आणि त्या न पाहिलेल्या मुलीची क्षमा मागितली. तिला तिथं रडू आलं, पण कुणासाठी ते नीट सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी दुसरा भाग. कोयासु आजोबांनी पुन्हा नाव वाचलं, गाणं पुन्हा झालं, आणि सावा सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी धाकटी बहीण आहे ती. येणार आहे मला भेटायला." म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी किनुए आईच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली आणि सांगून टाकलं. आधी देवळातलं सांगितलं. सावानं मान हलवली. वहीत चूक असेल म्हणाली. मेलेलं माणूस टीव्हीत कसं शिकवेल? सगळ्यांनी नाव ऐकलं, कोयासुंनी वाचलं. ते काय खोटं वाचतात?

"ते नाव मी घालायला सांगितलं, आई. तुझं म्हणून. तुला परत मिळावं म्हणून."

बाहेर कुणीतरी पायऱ्यांवरचं बर्फ फावड्यानं ओढत होतं.

"ते माझं नव्हतं गं," सावा म्हणाली. "तिला दिलं होतं मी. तिचं तेवढंच होतं."

किनुए माफी मागत राहिली. कपाळ चटईला लावून, लहान मुलासारखी, तेच तेच शब्द. ते निरोपाचंही सांगितलं, की तो कधी दिलाच नव्हता. सावा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त जॅकेटची बटणं एकेक करून काढली, जॅकेट चाचपून त्याची घडी केली आणि बाजूला ठेवलं. मग तिला काहीतरी सुचलं, आणि तोंड पुन्हा वर आलं.

"मग ते वळण? ते कुणी शिकवलं त्या नटीला?"

"मी."

"तुला कुणी शिकवलं?"

"तूच. तू दार लावून गायचीस ना. मी बाहेर बसायचे."

"कधी?"

"रोज, आई."

सावानं मान वळवली, नेमकी आवाजाच्या दिशेनं. सदुसष्ट वर्षं ही लेक शेजारी होती, आणि म्हातारीच्या कपाळावर अशी आठी पडली, जणू दारात कुणी अनोळखी बाई आलीये. तिनं हात पुढे केला, किनुएचं तोंड चाचपलं, गळ्यावर बोटं ठेवली.

"म्हणून दाखव," ती म्हणाली.

शामिसेन नव्हतं. किनुए तशीच गायली, आईची बोटं गळ्यावर असताना. सव्वा मिनिटाचं नाही, पूर्ण नऊ मिनिटांचं. ती इतकं चांगलं ना वर्गात गायली होती, ना तोक्योत. धाकटी नावेत बसली, थोरली काठावर राहिली, वल्हं उचललं. आवाज खाली गेला, पुढची ओळ जराशी उशिरा आली, अगदी जिथं यायला हवी तिथं. गाणं संपलं तरी सावाची बोटं तिच्या गळ्यावरच होती.

"छान म्हटलंस पोरी," सावा म्हणाली. "एक सूर इकडचा तिकडे नाही." मग हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. "पण मला ती हवी होती गं."

"हो," किनुए म्हणाली. "कळतंय मला, आई."